'टेम्परन्स' म्हणजे दारूबंदी नव्हे

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या सुधारक स्त्रिया आणि 'टेम्परन्स मूव्हमेंट' (एकोणिसाव्या शतकातली दारू पिण्याविरुद्धची चळवळ) यांवरच्या एका इतिहासकाराच्या संशोधनाचा मराठीत गोषवारा लिहायचा आहे. त्यात 'दारूबंदी चळवळ' म्हटलेलं चालेल, की 'संयम चळवळ' म्हणावं?

सरसकट 'दारूबंदी' नको. हा कायद्याचा शब्द आहे. मराठी वाचकाला तो 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यापासून ओळखीचा आहे, आणि बंदी म्हटली की ती घालणारं सरकार आपोआप डोळ्यांपुढे येतं. पण 1826 साली बॉस्टनमध्ये अमेरिकन टेम्परन्स सोसायटी निघाली तेव्हा तिचा रोख होता व्हिस्की, रमसारख्या गाळीव दारूवर आणि स्वतःहून ती सोडण्यावर. बिअर, सायडर यांना बहुतेकांची हरकत नव्हती. मग 'दारूबंदीचे कार्यकर्ते जेवताना बिअर घेत' असं विचित्र वाक्य तयार होतं, आणि वाचकाला ते ढोंगी वाटतात. ते ढोंगी नव्हते. चूक शब्दाची आहे. सगळ्याच मद्याचा त्याग हे धोरण 1836 पासून पुढे आलं. सक्तीचा कायदा मेन राज्यात 1851 ला झाला आणि देशभरची बंदी 1920 ते 1933 अशी टिकली. 'दारूबंदी' हा शब्द या कायद्यांसाठी राखून ठेवा.

'संयम चळवळ' मूळ शब्दाला धरून आहे, पण मराठी कानाला त्यातून ब्रह्मचर्य ऐकू येतं. 'व्यसनमुक्ती' आजचा, उपचारकेंद्रातला शब्द. 'मद्यनिषेध' फसवा आहे: हिंदीत त्याचा अर्थ सरळ बंदी, तर मराठीत 'जाहीर निषेध' ऐकून ऐकून निषेध म्हणजे नापसंती असा अर्थ पक्का झालेला. माझी पसंती 'मद्यपानविरोधी चळवळ' याला. त्यात आवाहनही मावतं आणि कायद्याची मागणीही.

स्त्रियांच्या बाबतीत हा भेद फारच मोलाचा आहे. 1873-74 च्या हिवाळ्यात ओहायोतल्या बायका गुत्त्यांत शिरून, नाहीतर दारात गुडघे टेकून प्रार्थना करत आणि मालकाला धंदा बंद करायची गळ घालत. त्यांना मताचा हक्क नव्हता. बंदी घालणार कशाच्या बळावर? 1879 पासून फ्रान्सेस विलर्ड 'वुमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन'च्या अध्यक्ष झाल्या. घराच्या रक्षणासाठी बाईला मत हवं, हे म्हणणं त्यांनी संघटनेत रुजवलं. विनवणीकडून मताकडे झालेला हा प्रवास पहिल्याच ओळीत 'दारूबंदी' लिहिलं की दिसेनासा होतो.

संघटनेच्या नावात 'वुमन्स' आहे, अनेकवचनी 'विमेन्स' नाही. लिप्यंतरात हे हमखास चुकतं.

वर मी 'गुत्ता' लिहिलं, त्याचं कारण सांगतो. मुळात शब्द आहे 'सलून'. तो तसाच ठेवून 'शेकडो महिला सलूनसमोर बसल्या' असं लिहिलंत, तर वाचक केस कापायच्या दुकानासमोर जाऊन उभा राहील! 'बार' आजच्या हॉटेलातला वाटतो. 'गुत्ता' मात्र नेमका बसतो: त्याचा जुना अर्थ मक्ता (गुत्तेदार त्यातलाच), म्हणजे परवान्याचा धागाही त्यात आहे, आणि परवाने हाच तर या भांडणाचा मोठा मुद्दा होता.

शीर्षकात 'स्त्री-सुधारक' टाळा. स्त्रियांची स्थिती सुधारणारे पुरुष असाही त्याचा अर्थ निघतो. 'सुधारक स्त्रिया' म्हटलं की शंका उरत नाही.

राहिला 'प्लेज'. सभेत सही करून द्यायच्या त्या कागदाला 'प्रतिज्ञापत्र' किंवा 'शपथपत्र' म्हणू नका. दोन्ही शब्द कोर्टकचेरीचे झालेत, स्टॅम्पपेपरच आठवतो. 'मद्यत्यागाची प्रतिज्ञा' पुरे. 1836 च्या आधीच्या, फक्त गाळीव दारू सोडणाऱ्या प्रतिज्ञेला मात्र 'मद्यत्याग' लावू नका. तिथे 'कडक दारू सोडण्याची प्रतिज्ञा' असं फोडूनच लिहा.