गाडी जहाजावर चढवण्याआधी दाराच्या खांबावरची पट्टी वाचा

नोकरीनिमित्त अमेरिकेहून युरोपीय संघातल्या एका देशात कायमचे जायचे आहे, गाडी तीन वर्षांची आहे, कर्जाचे शेवटचे काही हप्ते राहिले आहेत आणि वाहतूक कंपनीने ‘सगळे आम्ही बघतो’ असे सांगितले आहे, असे लिहून गाडी सोबत न्यावी की विकून जावे, असे तुम्ही विचारले आहे. पुढे तुम्ही म्हणता की हेच मॉडेल तिकडच्या रस्त्यांवरही दिसते, त्यामुळे नोंदणीला अडचण येऊ नये. हे शेवटचे वाक्य वाचून मी क्षणभर थबकलो, कारण काही वर्षांपूर्वी अगदी याच शब्दांत मी घरच्यांची समजूत काढली होती. त्या समजुतीपायी माझे पाच महिने गेले, म्हणून हे जरा लांबलचक उत्तर लिहीत आहे.

मी वकील नाही आणि कस्टम्सचा दलालही नाही. नियम बदलत असतात, एकाच संघातल्या दोन देशांत त्यांची अंमलबजावणीही सारखी नसते, तेव्हा मी लिहिलेले प्रमाण मानू नका. संबंधित कार्यालयाकडून लेखी खात्री करून घ्या. गाडी कंटेनरमधून न्यावी की रो-रो जहाजातून (ज्यात गाड्या चालवतच चढवतात-उतरवतात), जहाज किती दिवसांत पोचते, भाडे कसे ठरते, ही माहिती कोणताही वाहतूकदार आनंदाने देतो, म्हणून ती मी गाळतो.

गाडी परदेशी नेण्यात तीन वेगवेगळे टप्पे असतात आणि तिन्ही ठिकाणी निराळी माणसे बसलेली असतात. पहिला टप्पा जहाजाचा, दुसरा कस्टम्सचा आणि तिसरा नोंदणीचा, म्हणजे ती गाडी त्या देशाच्या रस्त्यावर चालवायला योग्य आहे की नाही हे ठरवणाऱ्यांचा. वाहतूक कंपनी ‘सगळे बघतो’ म्हणते तेव्हा ती पहिल्या टप्प्याबद्दल बोलत असते आणि फार तर दुसऱ्याबद्दल. मी त्यांना विचारले होते, ‘गाडी नेता येईल ना?’ त्यांनी ‘हो’ म्हटले, आणि ते खोटे बोलले नाहीत. गाडी नेता आलीच. माझा प्रश्नच चुकला होता. ‘तिथे ही गाडी माझ्या नावावर नोंदवून चालवता येईल का?’ असे विचारायला हवे होते, आणि तेही वाहतूक कंपनीला नव्हे, नोंदणी करणाऱ्यांना.

आता ‘तेच मॉडेल’ या भ्रमाविषयी. गाडीचा चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडा आणि खांबावर चिकटवलेली पट्टी वाचा. अमेरिकेत विकण्यासाठी बनवलेल्या गाडीवर, ती तयार झाली त्या तारखेला लागू असलेल्या अमेरिकी संघराज्याच्या सुरक्षा मानकांना ती अनुरूप आहे, असे उत्पादकाने स्वतःच प्रमाणित केलेले असते. युरोपीय बाजारासाठी बनवलेल्या गाडीच्या पाटीवर छोट्या ‘ई’ अक्षराने आणि देशाच्या क्रमांकाने सुरू होणारा प्रकार-मंजुरीचा क्रमांक असतो. म्हणजे एका पद्धतीत उत्पादक स्वतः ग्वाही देतो आणि दुसरीत सरकारी यंत्रणा आधी नमुना तपासून मंजुरी देते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्या या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. मग दिव्यांच्या काचा पाहा. माझ्या गाडीच्या दिव्यांवर ‘डीओटी’ आणि ‘एसएई’ अशी अमेरिकी मानकांची अक्षरे कोरलेली होती. नोंदणीआधीच्या तपासणीत तिथला तपासनीस शोधत होता ते युरोपीय मंजुरीचे, वर्तुळातले मोठे ‘ई’. त्याने बॅटरी मारून काचेचा कोपरा न् कोपरा पाहिला आणि काही न बोलता नोंदवहीत एक फुली मारली. मग तो मागे गेला आणि मला इंडिकेटर लावायला सांगितले. अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल चालतो, म्हणजे ब्रेकचाच दिवा उघडझाप करतो. युरोपात तो पिवळसर-नारिंगीच लागतो. दुसरी फुली. मागचा फॉग लाइट? नव्हताच. अमेरिकेत तो सक्तीचा नाही, युरोपात आहे, आणि वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते तिथे तो गाडीच्या मधोमध किंवा डावीकडे असावा लागतो. तिसरी फुली. समोरच्या दिव्यांच्या झोताचा आकारही दोन्हीकडे निराळा असतो, तिथे चौथी.

या फुल्यांचे मला फारसे दुःख नाही. दिवे बदलता येतात, आणि मी ते बदलले. खरा घोळ कागदाचा झाला. युरोपात नोंदणी करताना अनुरूपता प्रमाणपत्र मागतात. हे प्रमाणपत्र उत्पादक देतो, पण ज्या गाडीला तिथली प्रकार-मंजुरी आहे तिलाच. माझ्या गाडीला ती नव्हती. अशा गाडीसाठी एकेका वाहनाची स्वतंत्र मंजुरी घेण्याची तरतूद आहे. १ सप्टेंबर २०२० पासून लागू असलेल्या २०१८/८५८ या युरोपीय नियमावलीतही ती आहे. पण त्यासाठी उत्सर्जन, आवाज, ब्रेक, वजन अशा गोष्टींची तांत्रिक माहिती द्यावी लागते आणि ती माहिती उत्पादकाजवळ असते.

मी उत्पादकाच्या त्या देशातल्या कार्यालयाला लिहिले. दोन आठवड्यांनी उत्तर आले की ही गाडी आम्ही विकलेली नाही, जिथे घेतली तिथे विचारा. तिथे विचारले तर उत्तर आले की देशाबाहेर गेलेल्या गाडीविषयी आम्ही माहिती देत नाही, नव्या देशातल्या कार्यालयाशी संपर्क साधा. हे पत्र पहिल्या कार्यालयाला पाठवले, तर त्यांनी आपले पहिलेच उत्तर नवी तारीख घालून परत पाठवले. फोनवर प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी उत्पादकाने गाडीला दिलेला सतरा अक्षरांचा वाहन क्रमांक (नंबरप्लेटवरचा नव्हे) पहिल्यापासून सांगायचा आणि शेवटी ‘तुमची तक्रार नोंदवली आहे’ हे ऐकायचे. माझी तक्रार नव्हतीच, मला एक कागद हवा होता! नाव घेत नाही, कारण इतरांकडून ऐकले ते पाहता हा एकाच कंपनीचा गुण नसावा. शेवटी ज्या तांत्रिक तपासणी संस्थेकडे मंजुरीचे काम होते, तिथल्या एका अभियंत्याने सुचवले की विक्री कार्यालयांचा नाद सोडा आणि मुख्यालयातल्या प्रमाणीकरण विभागाला टपालाने पत्र लिहा, सोबत वाहन क्रमांक, पट्टीचा फोटो आणि हव्या असलेल्या माहितीची नेमकी यादी जोडा. त्या पत्राला उत्तर आले, आणि त्यावर गाडी मंजूर झाली. हेच पत्र मी निघण्यापूर्वी लिहिले असते, तर एक तर कागद हातात असता, नाहीतर गाडी विकून मोकळा झालो असतो.

मधल्या काळात ती विकून का टाकली नाही, असे तुम्ही विचाराल. युरोपीय संघात स्थलांतर करणाऱ्याला वैयक्तिक सामानावरच्या शुल्कात सूट मिळते, २००९ च्या ११८६ क्रमांकाच्या नियमावलीनुसार, आणि गाडीही त्यात येते. अटी अशा, की तुम्ही संघाबाहेर सलग किमान १२ महिने राहिलेले असावे, तिथला मुक्काम हलवण्यापूर्वी गाडी किमान ६ महिने तुमच्या ताब्यात आणि वापरात असावी, आणि नव्या देशात राहायला आल्यापासून १२ महिन्यांच्या आत ती आणावी. सेवेची जुनी बिले आणि विम्याचे कागद दाखवल्यावर मला ही सूट एका दिवसात मिळाली आणि मी स्वतःवर खूश झालो. पण सुटीबरोबर एक बेडीही येते: पुढचे १२ महिने ती गाडी कोणाला उसनी देता येत नाही, भाड्याने देता येत नाही, तारण ठेवता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, केलीच तर आधी कळवून शुल्क भरावे लागते. म्हणजे नोंदणी नाही म्हणून चालवता येत नाही आणि सूट घेतली म्हणून शुल्क भरल्याशिवाय विकता येत नाही. नंबरच्या पाट्या नसलेली गाडी रस्त्यावर उभी करण्याचीही सोय नाही, त्यामुळे तिला भाड्याच्या आवारात ठेवून मी दुसऱ्या भाड्याच्या गाडीने कामावर जात होतो. जहाजाच्या भाड्याहून या पाच महिन्यांचा खर्च अधिक झाला.

तुमच्या कर्जाचा मुद्दा याला लागूनच आहे आणि तो तुम्ही समजता त्याहून मोठा आहे. अमेरिकेतून वापरलेली गाडी बाहेर पाठवताना मालकीचे मूळ कागद जहाज निघण्याच्या किमान ७२ तास आधी तिथल्या कस्टम्सपुढे सादर करावे लागतात आणि गाडीवर कर्जदात्याचा बोजा असेल तर त्याचे निर्यातीला लेखी संमतिपत्र लागते. कर्जदाते अशी संमती सहसा खुशीने देत नाहीत. तारण ठेवलेली वस्तू समुद्रापार जाणार हे कोणाला आवडेल? माझा सल्ला असा, की उरलेले हप्ते एकदम फेडा, बोजा उतरल्याची नोंद असलेला मालकी दाखला प्रत्यक्ष हातात येऊ द्या आणि मगच जहाजाची तारीख घ्या. ‘कर्ज फिटले’ असा ईमेल म्हणजे दाखला नव्हे. शिवाय मुक्कामाच्या ठिकाणी पोचल्यावर तारण ठेवण्यास मनाई आहेच, हे वर लिहिले.

हा धागा इतर देशांत जाणारेही वाचतील, म्हणून थोडक्यात. ब्रिटनमध्येही स्थलांतराची सूट सहा आणि बारा महिन्यांच्या अशाच अटींवर मिळते, मात्र तिचा अर्ज आधी करून मंजुरी घ्यावी, आणि गाडी पोचल्यावर १४ दिवसांत कर खात्याला कळवावे लागते. अमेरिकेत उलट दिशेने जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की तिथल्या सुरक्षा मानकांनुसार न बनलेली गाडी २५ वर्षांची झाल्याशिवाय सहजासहजी आत घेत नाहीत. कॅनडात ही मर्यादा १५ वर्षांची आहे. ऑस्ट्रेलियात आयात-मंजुरी हातात आल्याशिवाय गाडी जहाजावर चढवूच नये. शिवाय तिथे ॲस्बेस्टॉसवर ३१ डिसेंबर २००३ पासून बंदी आहे आणि जुन्या गाडीच्या ब्रेकमध्ये किंवा गॅस्केटमध्ये ते सापडले तर प्रकरण गंभीर होते. भारतात वापरलेली गाडी नेण्याचा विचार मनात आलाच तर तो बाजूला ठेवा: स्टिअरिंग उजवीकडे हवे, गाडी तयार होऊन तीन वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा आणि स्थलांतर करणाऱ्याच्या सामानाला मिळणारी सवलत गाडीला लागू होत नाही. ‘कार्ने’ नावाच्या कागदावर गाडी नेऊन तिथेच ठेवण्याचा सल्ला कोणी देईल. कार्ने तात्पुरत्या प्रवासासाठी असते आणि गाडी परत बाहेर काढण्याची हमी त्यातच दिलेली असते.

विम्याबद्दल माझे मत ठाम आहे. केवळ गाडी पूर्ण नष्ट झाल्यास भरपाई देणारा स्वस्त विमा घेऊ नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फेलिसिटी एस’ या मोटारवाहू जहाजाला आग लागली आणि १ मार्चला ते अझोर्स बेटांजवळ सुमारे चार हजार गाड्यांसह बुडाले, हे तुम्ही वाचले असेल. पण बहुतेकांच्या वाट्याला येतात ते ओरखडे, फुटलेला आरसा किंवा आतून गायब झालेली वस्तू. दुसरे असे, की सागरी वाहतुकीत ‘जनरल ॲव्हरेज’ नावाची जुनी प्रथा आहे: जहाज वाचवण्यासाठी झालेला खर्च माल पाठवणाऱ्या सर्वांवर वाटला जातो आणि हमी दिल्याशिवाय माल सुटत नाही. २०२१ साली सुएझ कालव्यात अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’च्या बाबतीत हेच झाले. तुमची गाडी अगदी धडधाकट असली तरी हा भार पडू शकतो, म्हणून तो विम्यात धरला आहे का ते पाहा. आणि जुन्या विमा कंपनीकडून दावा न केल्याच्या वर्षांचा दाखला निघण्यापूर्वीच घ्या. परदेशातून तो मागताना माझी बरीच दमछाक झाली.

एक किरकोळ गंमत, जिने मला रोज चिडवले: अमेरिकी गाडीचा रेडिओ दशांशाच्या विषम आकड्यांवरच थांबतो, युरोपातली केंद्रे सम आकड्यांवरही असतात, त्यामुळे मला आवडलेले केंद्र त्या गाडीत कधीच लागले नाही. नकाशाही जुन्याच खंडाचा होता.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर. मी तुमच्या जागी असतो तर गाडी विकून गेलो असतो. तीन वर्षांच्या, सर्वत्र मिळणाऱ्या गाडीसाठी एवढा खटाटोप करण्यात मला अर्थ दिसत नाही. गाडी दुर्मीळ असेल, अपंगत्वासाठी खास बदल केलेली असेल किंवा तिच्यात जीव गुंतला असेल तर गोष्ट वेगळी. तरीही न्यायचीच असेल, तर दाराच्या खांबावरचा आणि चारही दिव्यांवरचा मजकूर टिपून इथे लिहा, वाहन क्रमांक मात्र झाका, आणि कोणत्या देशात जाणार तेही सांगा. मी मुख्यालयाला पाठवलेल्या पत्राचा मसुदा माझ्याकडे अजून आहे. त्यात तुमच्या गाडीपुरते कोणते बदल करावे लागतील ते मग सांगता येईल.