टेक्ससमध्ये एकच सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर: कपड्याखाली बाळगायला आणि शिकारीलाही चालेल का?

तुम्ही लिहिलंय की ग्रीन कार्ड मिळालंय, राहता टेक्ससमध्ये. सहकाऱ्याच्या रानात डुकरांच्या आणि हरणांच्या शिकारीला जायचंय, एरवी तेच हत्यार शर्टाखाली जवळ ठेवायचंय, आणि हवंय मात्र जुन्या काऊबॉय धाटणीचं सिंगल-ॲक्शनच. शिवाय कोणीतरी फ्रेमवर तीन स्क्रू असलेलं जुनं रुगर स्वस्तात देतोय.

एकच घ्यायचं ठरलंच असेल तर मी रुगरचं न्यू मॉडेल ब्लॅकहॉक घेईन, .३५७ मॅग्नम काडतुसाचं, ४.६२ इंच नळीचं. माझ्याकडे तेच आहे. पण मॉडेलपेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि ती दुकानात मला कोणी सांगितली नव्हती.

सिंगल-ॲक्शनमध्ये नुसता चाप ओढून गोळी सुटत नाही. प्रत्येक गोळीला आधी अंगठ्याने घोडा, म्हणजे मागचा हॅमर, मागे चढवावा लागतो. एकदा चढला की चाप अगदी हलका होतो, म्हणून नेम छान बसतो. शिकारीत याच्यासारखं सुख नाही. पण घोडा चढवला आणि गोळी झाडायचीच नाही असं ठरलं तर?

एका संध्याकाळी मी मक्याच्या फीडरपासून तीसेक यार्डांवर बसलो होतो. डुक्कर आडवं उभं राहिलं, मी घोडा चढवला, आणि तेवढ्यात त्याच्या बरोब्बर मागे दुसरं जनावर येऊन थांबलं. गोळी आरपार जाण्याची शक्यता होती, म्हणून थांबलो. आता हातात भरलेलं, घोडा चढलेलं रिव्हॉल्व्हर, आणि तो घोडा खाली घ्यायचा. नळी मातीकडे, अंगठा घोड्यावर घट्ट, चाप क्षणभर दाबायचा, घोडा निसटला की बोट लगेच चापावरून काढायचं आणि घोडा अंगठ्याने हळूहळू टेकवायचा. बोट काढलं की ट्रान्सफर बार, म्हणजे घोड्याचा घाव पुढे पोचवणारी आतली पट्टी, खाली उतरतो आणि घोड्याचा घाव काडतुसापर्यंत पोचत नाही. मी शांत बसलेला, कसली घाई नाही, तरी तळहाताला घाम फुटला होता.

हाच प्रसंग रात्री पार्किंगमध्ये घडतोय असं समजा. शेजारी बायको-मुलं, समोरचा माणूस तुमचं हत्यार बघून पळून गेला, आणि तुमचा घोडा चढलेलाच. डबल-ॲक्शनमध्ये नुसता चाप ओढला की घोडा आपोआप चढून गोळी सुटते, म्हणून ते बाळगणारा फक्त चापावरून बोट काढतो, त्याचं काम झालं. तुम्हाला थरथरत्या हातांनी वरचं सगळं करायचंय. म्हणून मी स्वतःला नियम घालून घेतलाय: होल्स्टरमधून बाहेर काढताना घोडा चढवायचा नाही, झाडण्याचा निर्णय पक्का झाल्यावरच चढवायचा. आणि डमी काडतुसं घालून घोडा उतरवण्याचा सराव नेमबाजीइतकाच करायचा. हे मनापासून करायची तयारी नसेल तर कृपा करून बाळगण्यासाठी चार इंची डबल-ॲक्शन .३५७ घ्या. तेही शिकारीला चालतं.

पुन्हा भरण्याबद्दल थोडक्यात: बाजूची झडप उघडून एकेक रिकामं टरफल दांड्याने ढकलायचं आणि एकेक काडतूस घालायचं. तेव्हा आत आहेत त्या सहाच आपल्या असं धरून चाला.

.३५७ का? हा मॅग्नम १९३५चा, आणि त्यात .३८ स्पेशलही चालतं, म्हणजे सराव कमी धक्क्यात होतो. १५८ किंवा १८० ग्रेन वजनाची शिकारी गोळी पन्नास यार्डांच्या आत व्हाइटटेल हरणाला पुरते, नेम नीट असेल तर. मी स्वतः चाळीसच्या पलीकडे झाडत नाही. .४४ मॅग्नम मोठ्या डुकराला जास्त खात्रीचा, पण घराबाहेर रोज बाळगायला आणि पाठोपाठ दुसरी गोळी झाडायला मला तो अवजड वाटतो.

आता साइटचा, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या खुणांचा मुद्दा, जो दोन्ही कामं एकात करताना आडवा येतो. शिकारीला जड, खोल घुसणारी गोळी लागते. जवळ बाळगताना फुलणारी हॉलो-पॉइंट हवी, नाहीतर ती माणसाच्या आरपार जाऊन मागच्याला लागेल. रिव्हॉल्व्हरमध्ये जड आणि संथ गोळी सहसा कागदावर वर लागते, हलकी आणि वेगवान खाली, कारण जड गोळी बाहेर पडेपर्यंत नळी धक्क्याने जास्त उचललेली असते. रुगरच्याच व्हॅकेरो या दुसऱ्या सिंगल-ॲक्शनची साइट पक्की, न हलणारी, ती कपड्यात अडकत नाही, पण एकाच प्रकारच्या गोळीशी जुळते. ब्लॅकहॉकची मागची साइट स्क्रूने फिरवता येते. मी जड गोळीवर पंचवीस यार्डांना साइट बसवलीय आणि बाळगायची गोळी सात यार्डांवर कुठे लागते ते झाडून पाहिलंय. त्या अंतरावर फरक चालून जातो.

माझं पहिलं साडेपाच इंच नळीचं होतं. गाडीत बसलं की नळी सीटला टेकून मूठ बरगडीत घुसायची. वर्षभरात विकलं. ४.६२ इंचीसुद्धा भरल्याशिवायच साधारण १.२ किलो भरतं, तेव्हा जाड चामड्याचा पट्टा आणि कमरेला चिकटून उंच बसणारं होल्स्टर आधी घ्या.

कायद्याचं: टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१पासून २१ वर्षांवरच्या, बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते. तरी परवाना काढा, इतर अनेक राज्यं तो मानतात. हरणासाठी शिकारीचा परवाना हवाच, आणि रिमफायर काडतूस (.२२सारखं, बुडाच्या कडेवर घाव बसून पेटणारं) हरणाला चालत नाही. खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानडुकराला परवाना लागत नाही. पण एच-१बीवरचा एखादा मित्र सोबत येणार असेल तर सावध राहा: अशा व्हिसावर बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही संघराज्याचा कायदा मनाई करतो. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. मित्राने आधी वकिलाशी बोलावं. भारतात बसून हे वाचणाऱ्यांनी यातलं काही तिकडे लावू नये. तिथे शस्त्र परवाना आणि १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा, दोन्ही वेगळे.

तुम्हाला मिळणारं तीन स्क्रूचं रुगर १९७३च्या आधीच्या घडणीचं आहे. ट्रान्सफर बार त्यानंतर आला. जुन्यात घोडा भरलेल्या कप्प्यावर टेकलेला असताना रिव्हॉल्व्हर खाली पडलं तर गोळी सुटू शकते. रुगर कंपनी या जुन्या मॉडेलांत ट्रान्सफर बारचा बदल फुकट करून देते आणि मूळ सुटे भागही परत पाठवते. विकणाऱ्याला तो बदल झालाय का विचारा. झाला नसेल तर घेऊन थेट कंपनीकडे पाठवा. ते परत येईपर्यंत त्यात पाचच काडतुसं घालायची, घोडा रिकाम्या कप्प्यावर.