स्टॉपरला खेळणाऱ्या पोराचं करिअर होतं का?

दादा, मुलगा सतरा वर्षांचा, फुटबॉलमध्ये स्टॉपरला, म्हणजे गोलीच्या पुढं मधोमध बचावाला खेळतो, बारावी अर्धवट टाकून बाहेरच्या अकादमीत पाठवावं का, हा तुमचा प्रश्न. शिवाय गोल मारणाऱ्याचं नाव होतं, मागं उभारणाऱ्याला कोण विचारतंय, ही धास्ती. मी कोल्हापुरात पेठेच्या, म्हणजे गल्ली-वस्तीच्या, संघातून डिफेन्सलाच खेळलोय, आता पोरांना शिकवतो, म्हणून लिहितो.

धास्ती उलटी आहे. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, देशातली मोठी क्लब स्पर्धा) 2021-22 पासून मैदानात एका वेळी जास्तीत जास्त चारच परदेशी खेळाडू चालतात, आणि क्लब त्यातला एक तरी गोल करायला आणतोच. त्यामुळं आपला स्ट्रायकर बाकावर बसतो आणि मागच्या फळीत आपल्या पोरांना जागा मिळते. कामाची कमतरता नाही. अडचण शरीराची आणि कराराची आहे.

भारताचा स्टॉपर संदेश झिंगनचं बघा. चंदीगडचा पोरगा, 2014 ला केरळ ब्लास्टर्सकडून पहिल्याच आयएसएलमध्ये उदयोन्मुख खेळाडूचा मान, 2015 ला भारताकडून पदार्पण, पुढं ब्लास्टर्सचा कप्तान. ऑक्टोबर 2019 मध्ये गुडघ्याचा लिगामेंट गेला आणि अख्खा हंगाम वाया. मे 2020 मध्ये सहा वर्षांचा क्लब सुटला. मग कोलकात्याचा क्लब. 2021 ला क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबनं घेतलं. तिथं पोटरी दुखावली, एकही लीग सामना न खेळता जानेवारी 2022 मध्ये परत. पुढं बेंगळुरू, मग एफसी गोवा. जानेवारी 2024 मध्ये आशिया कपात सीरियाविरुद्ध पुन्हा गुडघा. आयएसएलच्या चार फायनल त्याच्या संघांनी हरल्या: 2014, 2016, 2021, 2023. पहिली तर नवी मुंबईत, नव्वद मिनिटं संपल्यावर भरपाईच्या वेळेत खाल्लेल्या एका गोलानं. तरी दर वेळी कुणी ना कुणी त्याला घेतलंच. अर्जुन पुरस्कारही मिळाला. (आमच्यात काहींना तो नुसता आरडाओरडा करणारा वाटतो. मला नाही वाटत. मागून ओरडणारा नसेल तर बचावाची लाइन तुटतेच.)

आता पोराचा खेळ बघताना टॅकल, म्हणजे समोरच्याच्या पायातून किती चेंडू काढले, ते मोजू नका. विंगर (कडेनं पळणारा खेळाडू) चेंडू घेऊन अंगावर आला की तो छाती समोर करून उभा राहतो, की एक पाय मागं घेऊन अंग तिरकं करतो, ते बघा. समोरासमोर उभा राहिला तर वळायला वेळ जातो आणि विंगर निघून जातो. आणि चेंडू दुसऱ्या बाजूला असताना खांद्यावरून मागं किती वेळा बघतो? पेठेच्या सामन्यात उडी मारून चेंडू काढला की शिट्ट्या पडतात, पण निवड करणारा विचारतो, मुळात उडी मारायची वेळ का आली.

बारावी मात्र सोडायला लावू नका. जुलै 2025 मध्ये आयएसएलचा पुढचा हंगामच लांबणीवर पडला, तेव्हा करार असलेले खेळाडूसुद्धा घरी बसले. अकादमीला दोनच गोष्टी विचारा: फिजिओ रोज असतो का, आणि गुडघा गेला तर ऑपरेशनचा खर्च कोण करणार? तोंडी उत्तर घेऊ नका, कागदावर घ्या. आणि सुट्टीत पोराला सकाळी मैदानावर घेऊन या, मी बघतो कसा खेळतोय ते.