जनलोकपाल आंदोलन फुटलं ते फक्त खुर्चीपायी का?

तुमचा प्रश्न असा, की सरकारकडे पारदर्शकता मागणारे अण्णा हजारे आणि अरविंद केजरीवाल आपसातच का भांडले, शेवटी खुर्चीसाठीच ना? खुर्ची होतीच. पण सगळं खापर तिच्यावर फोडता येणार नाही. 2011 मध्ये मी पुण्यात त्या गर्दीत होतो आणि त्याआधीपासून माहिती अधिकाराचे अर्ज टाकणाऱ्यांत माझी ऊठबस होती, म्हणून सांगतो.

पहिलं भांडण पक्षावरून नव्हतंच, लोकपालच्या, म्हणजे भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र संस्थेच्या, कायद्याच्या मसुद्यावरून होतं. जनलोकपालवाल्यांना पंतप्रधानांपासून कारकुनापर्यंत सगळे एकाच संस्थेच्या कक्षेत हवे होते. अरुणा रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं, एवढी ताकद एका ठिकाणी नको. न्यायाधीशांसाठी वेगळा कायदा करा, लोकांच्या तक्रारींसाठी वेगळा. यात फितुरी कसली? याच मंडळींनी राजस्थानात गावोगावी जनसुनवाया घेऊन माहिती अधिकाराची वाट काढली होती. तरी 'सरकारची माणसं' म्हणून त्यांना मोडीत काढलं गेलं.

पुण्यात हेच लहान प्रमाणावर चाललं होतं. एकीकडे जुने अर्जवाले. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवायचं, तीस दिवस थांबायचं, मग पहिलं अपील, मग माहिती आयोगाच्या तारखेची वाट बघायची. दुसरीकडे 'मी अण्णा'च्या टोप्या घालून आलेली ताज्या दमाची पोरं. त्यांना ही रखडपट्टी कोण सांगणार! सदाशिव पेठेतल्या एका बैठकीत एका काकांनी एवढंच विचारलं, की देणग्यांची पावतीपुस्तकं कुणाकडे आहेत?

"काका, आमच्यावर विश्वास नाही का?"

"आयुक्तांवर तरी कुठे आहे? म्हणून तर अर्ज टाकतो."

हशा पिकला. पावतीपुस्तकं काही आली नाहीत, आणि पुढच्या बैठकीपासून काकाही आले नाहीत.

माझ्या मते खरी गोम इथेच होती. सभासद नोंदणी नाही, मतदान नाही, बैठकांचं इतिवृत्त नाही. निर्णय कोअर कमिटीचा, आणि ती कमिटी कुणी निवडून दिलेली नव्हती. अशा ठिकाणी न पटणाऱ्याकडे दोनच मार्ग उरतात: गप्प बसा, नाहीतर गद्दार ठरा. ऑगस्ट 2012 मध्ये अण्णांनी टीम बरखास्त केली, सप्टेंबरमध्ये पक्ष काढायला निघालेल्या केजरीवालांना माझं नाव आणि फोटो वापरू नका असं बजावलं, नोव्हेंबरमध्ये त्यांच्या आम आदमी पक्षाचं नाव जाहीर झालं. एप्रिल 2015 मध्ये योगेंद्र यादव आणि प्रशांत भूषण यांची त्या पक्षातून हकालपट्टी झाली, तेव्हा पुण्यातल्या जुन्या अर्जवाल्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही.

लोकपाल कायदा मात्र डिसेंबर 2013 मध्ये संसदेत मंजूर झाला. राळेगणसिद्धीत उपोषणाला बसलेल्या अण्णांनी त्याचं स्वागत केलं, केजरीवालांनी त्याला 'जोकपाल' म्हटलं. पहिले लोकपाल नेमायला मार्च 2019 उजाडलं. नेमणूक होईना म्हणून सुप्रीम कोर्टात भांडत राहिली ती कॉमन कॉज ही संस्था. 2018 मध्ये अण्णा पुन्हा रामलीला मैदानावर बसले, तेव्हा 2011 च्या मानाने तिथे चिटपाखरू नव्हतं म्हणा ना.