चोरून शिवलेली गोधडी

«ताई, मी 56 वर्षांची, सांगलीची. लहानपणापासून हाताला काही ना काही लागतंच. गोधड्या, क्रोशाची तोरणं, दिवाळीला चकल्या-कडबोळी. दीड वर्षापूर्वी सुनेनं फोटो काढून इन्स्टाग्रामवर पान उघडलं आणि ऑर्डरी सुरू झाल्या. गेल्या दिवाळीत 28 किलो चकल्या केल्या. भाजणी भाजताना मजा आली, खोक्यांना चिकटपट्ट्या लावताना रडू आलं. सध्या सात गोधड्या बाकी आहेत, त्यातल्या तीन ‘सेम टू सेम फोटोसारख्या’ हव्यात. एक गोधडी महिना खाते, रोज दोन-अडीच तास. 1,800 रुपये मिळतात, 450 कापड-दोऱ्यात जातात. पहिल्यांदा 4,200 रुपये माझ्या खात्यात आले तेव्हा मी पासबुक दोनदा भरून आणलं. हे तर येईल त्याला लिज्जतची गोष्ट सांगतात. पण हल्ली सुई घेतली की छातीवर दडपण येतं, रात्री बोटं बधिर होतात. आणि एक सांगते. आईच्या इरकल लुगड्याची गोधडी मी दुपारी दार लावून शिवते. कुणी आलं की पलंगाखाली सरकवते. इतकं सगळे कौतुक करत असताना मला असं वाटतं, मी कृतघ्न आहे का?
— गुंतलेली
ता.क. लुगड्याला चुलीच्या ठिणगीचं भोक आहे. तो भाग आत घालू का?»

गुंतलेल्या मैत्रिणी,

कृतघ्न नाही. तो प्रश्न इथेच संपला.

आता आधी बोटं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर होत असतील, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटात शीर दबत असण्याची शक्यता असते. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. बाम चोळत दिवाळीपर्यंत ढकलू नका. छातीवरचं दडपण मनाचं असेलही, पण तसं धरून चालू नका, तेही डॉक्टरांना नक्की सांगा.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य पासबुकाचं. तुम्ही ते घाईघाईत उरकलंत, जणू पैशाचा आनंद झाला हे कबूल करायची लाज वाटते. अहो, घरात 30-35 वर्षं राबल्यावर स्वतःच्या नावापुढे आकडा दिसला तर बाई दोनदाच काय, दहादा पासबुक भरून आणेल! म्हणूनच ‘सगळं बंद करा आणि छंद जपा’ असा सल्ला मी देणार नाही. तो तुम्हाला पटणारही नाही, आणि महिन्याभरात तुम्ही माझ्यावर चिडाल.

तुमच्या यजमानांच्या आवडत्या गोष्टीकडे वळू. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, हे खरंच. पण त्या सात होत्या. आणि बसल्या होत्या त्या पैसे मिळवायलाच. पापड लाटणं हा त्यांचा दुपारचा विसावा नव्हता. यजमानांना एकदा प्रेमानं विचारा, बाकीच्या सहा जणी कधी येणार आहेत? निदान चिकटपट्टी कोण लावणार आहे?

तुमचेच आकडे मांडले तर 1,800 मधून 450 वजा जाऊन उरले 1,350. रोज अडीच तास धरून महिन्यातले चोवीस दिवस तरी जातात, म्हणजे 60 तास. तासाला पडले साडेबावीस रुपये. त्यात टपरीवर दोन चहा येतील, बिस्किटाचा पुडा येणार नाही. तुमच्या घरी कुणी या दरानं कामाला आलं असतं तर तुम्हीच ओशाळून जास्त दिले असते.

पण गोधडीचा भाव दुप्पट केला तरी तुमचं दुखणं जाईल असं मला वाटत नाही, कारण दुखणं ‘सेम टू सेम’ या तीन शब्दांत आहे. चकलीचं कसबच मुळी पुन्हा तीच जमण्यात असतं. चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, आणि मग हाताचा अंदाज. मोहन जास्त झालं की तेलात विरघळते, कमी पडलं की दाताशी भांडते. शंभरावी चकली पहिलीसारखी निघाली की करणारीला समाधान वाटतं. गोधडीचं उलटं आहे. जुन्या कापडाची गोधडी दुसऱ्यांदा होतच नाही, कारण ते कापड संपलेलं असतं. मग शिंप्याकडून कटपीस आणायचे, फोटो समोर ठेवायचा आणि स्वतःचीच नक्कल करत बसायचं. टाका तोच, पण पुढचं ठिगळ कुठलं लावावं हा विचारच उरला नाही. तो विचार करतानाच तर तुम्ही रमत होतात.

म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या करा. फराळ विका. पण 28 किलो नाही, 15. दसऱ्याला वही बंद, निम्मे पैसे आगाऊ, आणि खोकी भरायला एक मुलगी रोजावर. तिचा रोज भावात धरायचा, स्वतःच्या नफ्यातून नाही. अन्नसुरक्षेची नोंदणी केली नसेल तर सुनेला करायला सांगा, घरून पदार्थ विकतानाही ती लागते. गोधड्यांची नवी ऑर्डर मात्र आजपासून घेऊ नका. चार ऑर्डरी आहेत त्या हात बरा झाल्यावर सावकाश पुऱ्या करा. त्या तीन सेम टू सेमवाल्यांना कळवा की तशीच होणार नाही, वेगळी चालत असेल तर थांबा, नाहीतर आगाऊ घेतलेले पैसे परत करते. एखादी बाई फणकारेल. फणकारू दे.

सुनेशी बोलायची धास्ती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती ओळीओळीत दिसते. फोनवर बोलू नका, आणि दिवाळीच्या गडबडीत तर नाहीच. ती घरी आली की निवांत म्हणा, “अगं, तू फोटो काढलेस म्हणून माझं काम मला पहिल्यांदा नीट दिसलं. फराळाचं तू म्हणशील तसं करू. गोधड्या मी शिवेन, पण कुणाला द्यायच्या ते आता मी ठरवेन.” एवढंच. मोघम ‘दमते गं हल्ली’ म्हणालात तर ती बिचारी मदतीला शिलाई मशीन पाठवून देईल. आणि जाता जाता एक शंका. कुठलं तोरण कुठल्या उजेडात छान दिसेल, हे शोधण्यात ती रमत असेल, तर ते पान तिचं क्रोशाकाम आहे. पान बंद होण्याची भीती तिलाही असेल. विकायच्या नसलेल्या गोधड्यांचेही फोटो तिनं काढावेत की नाही, ते तिला विचारून ठरवा.

इरकलच्या गोधडीचा फोटो मात्र कुणालाच काढू देऊ नका. निदान पुरी होईपर्यंत. ती पलंगाखालून बाहेर काढा आणि दार उघडं ठेवून शिवा. नऊ वाराचं लुगडं चौपदरी घातलं की लांबी दोन मीटर भरते, एका माणसाच्या अंगापुरती. ती तुमच्याच अंगावर यावी असं मला वाटतं. लेकीला, नातवाला पुढे कधी द्यायची तर द्या. माझी आजी शेवटचा काठ मिटवण्याआधी आत जोंधळ्याचे चार दाणे टाकायची. म्हणायची, गोधडी उपाशी झाकू नये. आम्ही पोरं पांघरुणात ते दाणे चाचपत झोपायचो. तुमच्याकडे अशी काही रीत होती का? असेल तर पुढच्या पत्रात जरूर लिहा.

तुमच्या ता.क.चं उत्तर. भोक आत घालू नका, वरच राहू द्या. त्याच लुगड्याच्या काठातला तुकडा मागून लावा आणि भोकाच्या कडेनं बारीक टाके फिरवा. आणि पदर रेशमी असेल तर तो सुळसुळतो, सुती अंगाबरोबर चालत नाही. आधी थोड्या थोड्या अंतरावर मोठे कच्चे टाके घालून सगळे थर बसवून घ्या, मगच काठाकडून धावदोरा सुरू करा. नाहीतर मधोमध पोचेपर्यंत असा फुगा येईल की सगळं उसवावं लागेल, आणि तुमच्या बोटांना सध्या ते झेपणार नाही.