वडिलांची मॉडेल किट्स विकण्यापूर्वी

वडिलांनी इतक्या वर्षांत जमवलेली मॉडेल किट्स, म्हणजे विमाने वगैरेंच्या लहान प्रतिकृती जोडण्यासाठीच्या सुट्या भागांची खोकी, आता तुमच्या हाती आली आहेत, तेव्हा पहिली विनंती अशी की, ती घाईने रद्दीवाल्याला किंवा जुन्या बाजारात सरसकट एका रकमेला देऊन टाकू नका.

सुरुवातीला फक्त यादी करा. प्रत्येक खोक्यावरील कंपनीचे नाव, म्हणजे एअरफिक्स, तामिया, हासेगावा वगैरे, किटचा क्रमांक आणि १:७२ किंवा १:४८ असे प्रमाण, म्हणजे प्रतिकृती मूळ वस्तूपेक्षा किती पट लहान आहे ते, लिहून काढा. आतील पिशव्या सीलबंद असतील तर त्या मुळीच फोडू नका. उघड्या असतील तर सुटे भाग सूचनापत्रकाशी ताडून पाहा. डेकल्सकडे, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या चित्र-चिन्हांकडे, विशेष लक्ष द्या. पुण्याचे कित्येक पावसाळे माळ्यावर काढलेला डेकलचा कागद पिवळा पडलेला असू शकतो आणि पाण्यात भिजवताच चित्राचे तुकडे होऊ शकतात, म्हणून त्याचे स्पष्ट छायाचित्र खरेदीदाराला आधीच दाखवा.

भाव ठरवताना नवखे लोक हमखास चुकतात, कारण विक्रेत्याने मागितलेली किंमत ते खरी मानतात. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव वेगळे पाहता येतात, तेच धरा. जुने किट दुर्मीळच असते असेही नाही, कारण कंपन्या जुन्या साच्यांतून तेच किट नव्या खोक्यात पुन्हा काढतात, आणि स्केलमेट्स या संकेतस्थळावर तो इतिहास सापडतो.

जोडलेल्या मॉडेल्सना सहसा कमी किंमत येते व ती कुरिअरने मोडतात, त्यामुळे ती पुण्यातच हातोहात द्यावीत. वडिलांनी अर्धवट जोडून ठेवलेले एखादे मॉडेल मात्र तूर्त विक्रीच्या यादीत घालू नका.