व्हिएतनाम युद्ध निदर्शनांमुळे थांबलं का, आणि परदेशी विद्यार्थ्याने त्यात पडावं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकेतल्या मोर्चांमुळे व्हिएतनाममधून सैन्य परत आलं का, आणि तुम्ही तिथे शिकत असताना अशा निदर्शनांत जावं का. माझ्या थोरल्या भावाने या दोन्हींचं उत्तर जन्मभर "नाही" असंच दिलं, तेही मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. म्हणून लिहायला बसलो.

मी १९६८ साली संख्याशास्त्र शिकायला अमेरिकेत गेलो, मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात. सरकारने नेऊ दिलेले आठ डॉलर खिशात होते. त्या वर्षी तिथल्या बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांची सैन्यभरतीतून मिळणारी सूट काढून घेतली होती. म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर बसून इंटिग्रल सोडवणारा मुलगा पुढच्या वर्षी भातखाचरांतून बंदूक घेऊन चालत असू शकत होता. मला स्टुडंट व्हिसामुळे तो धोका नव्हता. ग्रीन कार्डवाल्यांना मात्र होता, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. आमच्यातल्या एका नागपूरकराने ग्रीन कार्ड मिळालं म्हणून पेढ्यांऐवजी डोनट वाटले होते. भरतीसाठी नाव नोंदवायचं पत्र आल्यावर तो आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही.

१ डिसेंबर १९६९ च्या रात्री भरतीची सोडत टीव्हीवर दाखवली. आमच्या घरमालकिणीच्या दिवाणखान्यात आम्ही सगळे भाडेकरू दाटीवाटीने बसलो होतो. काचेच्या मोठ्या भांड्यात निळ्या प्लास्टिकच्या डब्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख, लीप वर्षाची धरून ३६६. १९४४ ते १९५० मध्ये जन्मलेल्या पोरांचा नंबर तिथे लागणार होता: ज्याची तारीख आधी निघेल, त्याला भरतीचं बोलावणं आधी. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. दुसरी २४ एप्रिल. तिसरी ३० डिसेंबर.

३० डिसेंबर माझा वाढदिवस. सवयीने मी "अरे, माझीच!" म्हणालो आणि हसलो. खोलीत कुणीही हसलं नाही. जिन्याच्या पायरीवर आयोवातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा बसला होता, त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं. त्याची तारीख अजून यायची होती. ती आली तेव्हा तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. पुढच्या वर्षी १९५ क्रमांकापर्यंतच्यांना बोलावणं आलं. तो त्याच्या खूप आत होता.

(व्यवसायाचा रोग म्हणून सांगतो: ती सोडतसुद्धा धड नव्हती. डब्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि नीट मिसळल्याच नाहीत. त्यामुळे वर्षाअखेरी जन्मलेल्यांच्या वाट्याला लहान क्रमांक जास्त आले. संख्याशास्त्राच्या वर्गांत हे उदाहरण अजून देतात, मीही पुण्यात वर्षानुवर्षं दिलं.)

त्याआधी ऑक्टोबरात देशभर मोरॅटोरियम, म्हणजे रोजची कामं थांबवून युद्धाचा निषेध करायचा दिवस, झालं होतं, काळ्या फिती, मेणबत्त्या, चर्चच्या घंटा. व्हिसाच्या भीतीने मी खिडकीतून बघत बसलो होतो. सोडतीनंतर ते खिडकीतून बघणं जमेना. ३० एप्रिल १९७० ला राष्ट्राध्यक्ष निक्सनने व्हिएतनामशेजारच्या कंबोडियात सैन्य घुसवल्याचं जाहीर केलं, ४ मेला ओहायोच्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याच्या, जवानांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी मेले, त्यातले दोघं तर मोर्चात नव्हतेच, वर्गांच्या मधल्या वेळेत चालले होते. दुसऱ्या दिवशी मी फीत बांधून बाहेर पडलो. कुणी अडवलं नाही, कुणी फोटो काढला असेल तर माहीत नाही. अश्रुधुराने डोळे मात्र फुटायची वेळ आली.

हे मी मूर्खासारखं घरी कळवलं. दादाचं निळं एरोग्राम आलं: "शिकायला गेला आहेस, दुसऱ्याच्या घरात भांडी वाजवायला नाही. आणि तुमच्या मेणबत्त्यांनी लढाया थांबत नसतात." हा दादा कोण? संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत कॉलेज बुडवून सत्याग्रह केलेला, येरवड्याची हवा खाऊन आलेला. फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराबद्दल बोलताना आजही त्याचा आवाज चढतो. हे मी त्याला लिहिलं तर उत्तर आलं, "ते आपलं होतं."

डिसेंबर १९७१. बांगलादेशचं युद्ध, निक्सनने सातव्या आरमाराचं एंटरप्राइज हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे धाडलं. तेव्हा याच दादाचं पत्र: "तुम्ही इतके जण तिथे आहात, त्या माणसाला कुणी जाब का विचारत नाही?" हे पत्र मी जपून ठेवलंय. दर दिवाळीला काढतो, तो दर दिवाळीला चष्मा सापडत नाही म्हणतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. १९६४ मध्ये टोंकिनच्या आखाताचा ठराव प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ ने मंजूर झाला होता. म्हणजे व्हिएतनाममध्ये लढायला राष्ट्राध्यक्षाला मोकळं रान. केंट स्टेटनंतर साडेचारशेहून अधिक कॉलेजं बंद पडली, आणि जूनच्या अखेरीस त्याच सिनेटने कंबोडियातल्या कारवाईचे पैसे अडवण्याच्या बाजूने मत दिलं. वर्षाच्या शेवटी त्याचा सौम्य केलेला कायदा झाला: अमेरिकन पायदळ कंबोडियात आणि लाओसमध्ये पाठवायचं नाही. फेब्रुवारी १९७१ मध्ये लाओसवर चढाई झाली तेव्हा जमिनीवर दक्षिण व्हिएतनामी सैन्य एकटं गेलं, अमेरिकन वरून हेलिकॉप्टरं उडवत राहिले. १९६९ च्या शरदात तर निक्सन उत्तर व्हिएतनामला १ नोव्हेंबरची मुदत देऊन प्रचंड हल्ल्याची गुप्त तयारी करत होता. तो हल्ला झाला नाही, आणि मोरॅटोरियममुळे आपल्या धमकीतली हवा गेली असं त्याने स्वतः आठवणींत लिहून ठेवलंय. मेणबत्तीवाल्यांना त्या रात्री यातलं काहीही ठाऊक नव्हतं. दादा, हे तुझ्यासाठी.

त्याच्या बाजूचंही सांगून टाकतो, नाहीतर फोन येईल. केंट स्टेटनंतरच्या गॅलप संस्थेच्या जनमत पाहणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांना दिला, गार्डला फक्त ११ टक्क्यांनी. त्याच आठवड्यात न्यूयॉर्कमध्ये बांधकाम कामगारांनी निदर्शक पोरांना भर रस्त्यात बडवलं. १९७२ ला निक्सन ४९ राज्यं जिंकला, वर नाताळात हनोईवर बॉम्बही टाकले. ऑगस्ट १९७० मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनच्या विद्यापीठात चौघांनी लष्कराचं गणित केंद्र उडवायला व्हॅनभर स्फोटकं लावली. मेला एक भौतिकशास्त्राचा संशोधक, तीन मुलांचा बाप, लष्कराशी काडीचा संबंध नसलेला. असल्या लोकांना मी आपल्यातले मानत नाही. आणि मुळात अमेरिकेला थकवलं ते व्हिएतनामींनी, लाखो माणसं गमावून. ते लढले नसते तर मोर्चे कशाला निघाले असते?

माझं स्पष्ट मत: मोर्चांना धार होती ती सक्तीच्या भरतीमुळे. १९७३ ला ती बंद झाली. १५ फेब्रुवारी २००३ ला इराक युद्धाविरुद्ध जगभर लाखो लोक रस्त्यावर आले, पण अमेरिकेत घरातला मुलगा उचलून नेतील ही भीती कुणालाच नव्हती. शनिवारी मोर्चा, सोमवारी ऑफिस. पाच आठवड्यांत बगदादवर बॉम्ब पडत होते.

तुम्ही जावं का? मी पुन्हा गेलो असतो. पण माझ्या काळी फार तर दादाचं एरोग्राम येत होतं, आता फोनमधली एक पोस्ट व्हिसाला भोवू शकते. तेव्हा आधी विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात आणि एखाद्या इमिग्रेशन वकिलाला विचारा, ऐंशीला टेकलेल्या निवृत्त मास्तराला नको. घरच्यांना मात्र जाऊन आल्यावर सांगा.